बाबांच्या एफडीवर माझं दुसरं नाव आहे, काढून टाकू का?

पत्र :

ताई, नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, ऑक्टोबर २०१९ मध्ये एच-वन बी (नोकरीचा व्हिसा) वर डॅलसला आलो. आय-१४० (कंपनीने माझ्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) अप्रूव्ह झालाय, ग्रीन कार्डच्या ईबी-२ च्या रांगेत आहे. २०२२ ला लग्न झालं, बायको एच-फोर (जोडीदाराचा व्हिसा) वर इथे आली. इतकी वर्षं टॅक्स रिटर्न मी स्वतःच सॉफ्टवेअरवर भरतो, डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला पगाराचा फॉर्म) टाकायचा आणि पुढे पुढे क्लिक करायचं. मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या मित्राने विचारलं एफबीएआर भरतोस ना, तर मी हे नावच पहिल्यांदा ऐकलं. माझे इंडियात पीपीएफला ९ लाख, एनआरई (एनआरआयच्या खात्यातल्या) एफडीत १४ लाख, जुन्या एसआयपींचे ११ लाख आहेत आणि हिंजवडीचा वन बीएचके भाड्याने दिलाय. यातलं काहीच मी इथल्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही. शिवाय बाबांच्या ४० लाखांच्या एफडींवर माझं दुसरं नाव आहे. मित्र म्हणतो सगळीकडून नाव काढून टाक, अकाउंट बंद कर, नाहीतर ग्रीन कार्ड गेलं. बाबांना तसं फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, आता माझ्या पैशाशेजारी नाव लावायचीही भीती वाटायला लागली का तुला. ते निवृत्त शिक्षक आहेत. तासगावची द्राक्षबाग विकून १ कोटी १० लाख ते मला इथल्या घरासाठी पाठवणार आहेत, त्याचं काय? आणि बायको गेले पाच महिने पुण्यातल्या एका क्लाससाठी इथून ऑनलाइन शिकवते, महिना १५ हजार तिच्या पुण्याच्या खात्यात जमा होतात. त्याला तर काही हरकत नसावी ना? काय करू सांगा, झोप लागत नाही.

उत्तर :

ताई म्हटलंयस म्हणून अरे-तुरेवर येते. तू बरंच काही करायच्या तयारीत दिसतोस, म्हणून आधी काय करू नकोस ते सांगते. बाबांना बँकेत पाठवून नाव काढायला लावू नकोस, एनआरई मोडू नकोस, एसआयपी घाबरून विकू नकोस, आणि जुनी रिटर्न्स स्वतःच गुपचूप दुरुस्त करून पाठवून देऊ नकोस. मित्राच्या पोटात तुझ्याबद्दल माया असेल पण त्याने सांगितलेला उपाय उलटा आहे. आज नाव काढलं तरी २०२० पासूनच्या वर्षांत ते नाव होतंच, ते पुसलं जात नाही, आणि वरून असं दिसतं की याला कळलं तेव्हा याने आधी लपवालपवी केली. तुझं सगळं प्रकरण आज ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती म्हणजे तुला माहीत नव्हतं आणि कळल्याबरोबर तू ते सरळ केलंस. ही गोष्ट खरी आहे, ती खरीच राहू दे.

आता मुळापासून. अमेरिकेत टॅक्सच्या बाबतीत रेसिडेंट कोण हे व्हिसावर ठरत नाही, ग्रीन कार्ड नसेल तर दिवसांवर ठरतं. चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस अधिक मागच्या वर्षाचे एक तृतीयांश अधिक त्यामागच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ झाले की तू रेसिडेंट. तू ऑक्टोबर २०१९ ला आलास म्हणजे त्या वर्षी नव्हतास, २०२० पासून झालास. (२०१९ चं रिटर्न तू १०४०-एनआर (नॉन-रेसिडेंटचा फॉर्म) ऐवजी रेसिडेंटच्या साध्या १०४० वर भरलं असशील तर तेही सीपीएच्या, म्हणजे इथल्या सीएच्या, कानावर घाल.) रेसिडेंट झालास की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं, आणि सगळा गोंधळ इथेच होतो कारण आपल्या डोक्यात असतं की एनआरईचं व्याज टॅक्स फ्री, पीपीएफ टॅक्स फ्री. हो, आहे, पण ते इंडियाने फ्री केलंय. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, ती सूट दिलेली नाही.

तुझ्याच आकड्यांवर बघ. एनआरईचे १४ लाख सात टक्क्यांनी धरले तर वर्षाला ९८ हजार व्याज, पीपीएफ ७.१ टक्क्यांनी साधारण ६४ हजार. दोन्ही मिळून एक लाख बासष्ट हजार, म्हणजे दोन हजार डॉलरच्याही आत. तू २२ टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर त्यावरचा टॅक्स वर्षाला पस्तीस-छत्तीस हजार रुपये होतो. डॅलसला आहेस म्हणून स्टेट इन्कम टॅक्सही नाही, कॅलिफोर्नियात असतास तर वेगळी कहाणी झाली असती. हा हिशोब मुद्दाम मांडतेय, कारण तुझ्या पत्रातली भीती कोटीच्या घरातली आहे आणि बुडालेला टॅक्स हा एवढाच आहे. हिंजवडीच्या भाड्यावर तू इंडियात टॅक्स भरत असशील तर त्याचं क्रेडिट इथे फॉर्म १११६ वर मिळतं, शिवाय फ्लॅटचा घसारा वजा होतो, त्यामुळे तिथून फार काही निघेल असं मला वाटत नाही.

मग त्रास कशाचा? त्रास माहिती न दिल्याचा. एफबीएआर म्हणजे फिनसेनचा (अमेरिकेच्या अर्थखात्यातला विभाग) फॉर्म ११४, हा टॅक्सचा फॉर्मच नाही, १९७० च्या बँक सिक्रसी कायद्यातून आलेला नुसता माहितीचा फॉर्म आहे. अमेरिकेबाहेरच्या तुझ्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षभरात कधीही, एक दिवस जरी, १०,००० डॉलरच्या वर गेली तर तो भरायचा. प्रत्येक खात्याला दहा हजार नाही हं, सगळ्यांची मिळून बेरीज. दहा हजार डॉलर म्हणजे आज नऊ लाखांच्या आसपास, तुझा एकटा पीपीएफच त्या रेषेवर आहे. भरायची तारीख १५ एप्रिल, पण न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. फिनसेनच्या साइटवर फुकट भरता येतो. बँकेचं नाव, पत्ता, खाते नंबर, वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक, जॉइंट असेल तर दुसऱ्याचं नाव, बस. एसआयपीचे फोलिओ, डिमॅट, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू असलेली पॉलिसी, पतसंस्थेतली ठेव हे सगळं त्यात येतं. फ्लॅट येत नाही, जमीन येत नाही, आईचे दागिने येत नाहीत.

आता बाबांच्या एफडी. पावत्या समोर घेऊन बस, किंवा बाबांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला सांग, आणि तुझं नाव नक्की कुठे छापलंय ते बघ. पावतीवर ठेवीदार म्हणून वरच्या ओळीत दोघांची नावं असतील आणि खाली आयदर ऑर सर्व्हायवर किंवा फॉर्मर ऑर सर्व्हायवर लिहिलं असेल तर तू जॉइंट होल्डर आहेस. तुझं नाव फक्त वारस किंवा नॉमिनीच्या रकान्यात असेल तर तू जॉइंट होल्डर नाहीस आणि नुसता नॉमिनी असलेली खाती एफबीएआरमध्ये द्यायची नसतात. आपल्याकडे "माझं नाव लावलंय" हे दोन्हीला म्हणतात आणि निम्म्या लोकांना स्वतःचं नाव कुठल्या रकान्यात आहे हे माहीत नसतं. बाबा शिक्षक होते म्हणजे पावत्या तारखेनुसार फाइलला लावलेल्या असणार, दहा मिनिटांचं काम आहे.

जॉइंट होल्डर निघालास तर पूर्ण रक्कम तुझ्या एफबीएआरमध्ये येईल, निम्मी नाही. पण त्यावरचं व्याज तुझं उत्पन्न होत नाही, कारण पैसा बाबांचा आहे, त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीतून आलाय, व्याज ते घेतात, इंडियात त्यावरचा टॅक्स त्यांच्या पॅनवर जातो. म्हणजे बाबांच्या ४० लाखांबद्दल तुला फक्त सांगायचंय, द्यायचं काही नाही. आणि इंडियाच्या बाजूनेही, रेसिडेंट वडिलांच्या खात्याला एनआरआय मुलाचं दुसरं नाव असायला आरबीआयची परवानगी आहे, फक्त ते पैसे तू स्वतःसाठी वापरायचे नाहीत. त्यामुळे बाबांना आज रात्रीच फोन कर आणि सांग की नाव काढायचं नाही. मुलगा नऊ हजार मैलांवर असताना रात्री-अपरात्री हॉस्पिटलची वेळ आली तर ती एफडी कोण मोडणार हा विचार करून त्यांनी ते नाव लावलं असेल, त्यांना किती लागलं असेल तुझं बोलणं. हेही सांग की फॉर्मवर जॉइंट मालक म्हणून त्यांचं नाव आणि खाते नंबर जाईल, पण त्यामुळे अमेरिका त्यांच्याकडून एक रुपया मागत नाही.

आता मला खरंच काळजी वाटते ती जागा. १०४० सोबत शेड्यूल बी नावाचं पान असतं, त्याच्या तिसऱ्या भागात ७ए वर सरळ प्रश्न आहे, या वर्षात परदेशातल्या कुठल्या खात्यात तुमचा हिस्सा किंवा सहीचा अधिकार होता का. सॉफ्टवेअर हा प्रश्न एका ओळीत विचारतं, तू घाईत "नाही" दाबलं असशील किंवा तो स्क्रीनच तुला दिसला नसेल. तुझ्या जुन्या रिटर्नच्या पीडीएफ उघड आणि प्रत्येक वर्षी तिथे काय आहे ते बघून लिहून ठेव. आजपर्यंतचं ते "नाही" अज्ञानातलं होतं. पण आता तू मला पत्र लिहिलंस, उत्तर वाचतोयस, म्हणजे इथून पुढे तुला माहीत आहे. येत्या एप्रिलला पुन्हा "नाही" दाबलंस तर ते जाणूनबुजून होईल आणि कायद्यात सगळा फरक तिथेच पडतो. अजाणतेपणी राहून गेलं तर एफबीएआरचा दंड कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत होता, महागाईप्रमाणे वाढून आता १६,००० च्या वर गेलाय. तो प्रत्येक खात्याला लावायचा की प्रत्येक वर्षाच्या फॉर्मला यावर बिटनर नावाच्या माणसाची केस सुप्रीम कोर्टात गेली, पाच वर्षं, २७२ खात्यांच्या नोंदी, सरकारने २७ लाख २० हजार डॉलर मागितले होते, २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं दंड फॉर्मला लागेल, खात्याला नाही, ते ५०,००० वर आलं. जाणूनबुजून केलं तर मात्र एक लाख डॉलर (तेही महागाईप्रमाणे वाढलेत) किंवा खात्यातली निम्मी रक्कम, यात जे जास्त असेल तिथपर्यंत दंड जाऊ शकतो, आणि डोळ्यांवर कातडं ओढून घेणंही त्यातच मोजलं जातं.

ग्रीन कार्डचा संबंधही इथेच येतो. एफबीएआर उशिरा भरला एवढ्यावरून ग्रीन कार्ड नाकारा असं कुठल्या कलमात नाही. पण २०१२ मध्ये कावाशिमा दाम्पत्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जाणूनबुजून खोटं टॅक्स रिटर्न भरल्याचा गुन्हा कबूल केला आणि नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल तर तो देशाबाहेर काढण्याजोगा गुन्हा आहे, आणि त्या दोघांकडे ग्रीन कार्ड होतं. तू त्या वाटेवर अजिबात नाहीस. पण "नाव काढ, अकाउंट बंद कर, कोण बघतंय" हा सल्ला माणसाला त्या दिशेने ढकलतो म्हणून मी इतकी चिडून लिहितेय. आणि कोण बघतंय याचं उत्तरही आहे, २०१५ मध्ये इंडिया-अमेरिकेत फॅटकाचा (खात्यांची माहिती एकमेकांना देण्याचा) करार झाला, बँकेत एनआरईला आणि म्युच्युअल फंडाला तू जो फॅटका डिक्लेरेशनचा कागद सही करून दिलास ना, त्यातली माहिती दिल्लीमार्गे आयआरएसकडे जाण्यासाठीच असते.

तुझ्यासाठी रस्ता आहे, त्याला स्ट्रीमलाइन्ड डोमेस्टिक ऑफशोअर प्रोसिजर म्हणतात. मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबीएआर भरायचे, राहिलेला टॅक्स आणि व्याज द्यायचं, फॉर्म १४६५४ वर हे कसं राहून गेलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून सही करायची, आणि न दाखवलेल्या परदेशी आर्थिक मालमत्तेच्या ५ टक्के एकरकमी दंड भरायचा. तुझे स्वतःचे पीपीएफ, एनआरई, एसआयपी मिळून ३४ लाख, त्याचे ५ टक्के १ लाख ७० हजार. फ्लॅट या बेरजेत येत नाही. बाबांच्या एफडी यात धरायच्या का हा वादाचा मुद्दा आहे, पैसा त्यांचा असल्याचे पुरावे जोडून तो सीपीएने नीट मांडायला हवा. या योजनेला आणखी एक मोठी अट, आयआरएसने तुझी तपासणी सुरू करायच्या आधी तू गेलं पाहिजेस. नोटीस आल्यावर दार बंद. म्हणून गुपचूप दुरुस्ती नको म्हटलं, तसं केलं तर टॅक्सही भरला जातो आणि या योजनेचं संरक्षणही मिळत नाही.

तो १४६५४ चा मजकूर मात्र कुणाकडून छापील घेऊ नकोस. अनेक जण सीपीएकडून दोन ओळी टाकून घेतात, मला माहीत नव्हतं, सॉरी. तिथे खरी हकीकत लागते, कधी आलास, रिटर्न कसं भरत होतास, तुला का वाटलं की एनआरई दाखवायचं नसतं, कुणी कधी सांगितलं, मग तू काय केलंस. मित्राने नाव काढायला सांगितलं आणि तू काढलं नाहीस हेही लिही.

फॉर्म ८९३८ वेगळा, तोही परदेशातल्या आर्थिक मालमत्तेच्या माहितीचाच, पण तो रिटर्नसोबत जातो. जॉइंट रिटर्न भरणाऱ्यांना वर्षअखेर १ लाख किंवा मध्ये कधी १.५ लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमची बेरीज त्याखाली दिसते, तरी बायकोची खाती मिळवून बघ. लग्नाआधी तू सिंगल होतास, तिथे ५० हजार आणि ७५ हजार, ती वर्षंही तपास. बायकोच्या नावावर स्वतंत्र खाती आहेत आणि तिची बेरीज दहा हजारांवर जात असेल तर तिचा एफबीएआर वेगळा.

एसआयपीबद्दल थोडं सांगते कारण इथे चांगले शिकलेले लोक फसतात. इंडियन म्युच्युअल फंड आयआरएसच्या भाषेत पीएफआयसी, म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी, असतो, त्याचा नफा साधा लाँग टर्म धरत नाहीत, विकल्यावर तो मागच्या वर्षांत वाटून सगळ्यात वरच्या दराने टॅक्स आणि वरून व्याज लावतात, आणि प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१. जॉइंट रिटर्नला सगळे फंड मिळून ५० हजार डॉलरच्या आत असतील आणि त्या वर्षी काही विकलं नसेल, मोठं डिव्हिडंड आलं नसेल, तर तो फॉर्म सुटतो. तुझे ११ लाख त्यात बसतात. म्हणून चालू एसआयपी असतील तर आजच थांबव पण युनिट्स विकू नकोस, कधी आणि किती विकायचे ते सीपीएसोबत बसून ठरव. घाबरून एका दिवसात सगळं विकलंस तर जो फॉर्म सुटत होता तोच गळ्यात पडेल. इंडियन कंपन्यांचे थेट शेअर सहसा यात येत नाहीत.

भाडं कुठल्या खात्यात येतं ते तू लिहिलं नाहीस. मला शंका आहे की पुण्यातलं जुनं सॅलरी अकाउंट अजून तसंच रेसिडेंट म्हणून चालू असेल. नोकरीसाठी देश सोडला की फेमाप्रमाणे (इंडियाचा परकीय चलन कायदा) ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इंडियातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं, तेवढं या वेळी सुट्टीला जाशील तेव्हा नाही, आत्ताच ईमेल करून सुरू कर. तुझ्या भाडेकरूने टीडीएसही कापायला हवा, एनआरआय घरमालक असला की तो ३० टक्क्यांच्या घरात जातो, रिटर्न भरून जास्तीचा परत मिळतो. पीपीएफ १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत चालू ठेवता येईल, पुढे वाढवता येणार नाही. आणि भाडं, व्याज हे एच-वन वर चालतं, ते दाखवलं तर बिनपरवाना काम केल्यासारखं होईल अशी भीती काहींना असते, तसं नाही, ते कष्टाचं नाही, गुंतवणुकीचं उत्पन्न आहे.

हे वाक्य लिहिताना मी बायकोच्या क्लासवर येते, कारण तिचं कष्टाचं आहे. तुझ्या पत्रात हा प्रश्न शेवटी, जाता जाता आलाय, पण माझ्या मते तोच सगळ्यात आधी सोडवायचा. पैसे पुण्यात येतात, विद्यार्थी पुण्यात, क्लास पुण्याचा, मग अमेरिकेचा काय संबंध, असं तिला वाटत असणार आणि तिच्या जागी कुणालाही वाटेल. पण ती डॅलसच्या घरात बसून शिकवते. काम कुठे झालं हे काम करणारा कुठे बसलाय त्यावर बघितलं जातं, आणि एच-फोर वर ईएडी (काम करायचा परवाना) नसताना काम करायला परवानगी नाही. तिला सांग उद्यापासून थांबायचं, क्लासवाल्यांना सरळ कारण सांगायचं. नवऱ्याचा आय-१४० अप्रूव्ह झाला असेल तर एच-फोर वाल्या बायकोला ईएडीसाठी फॉर्म आय-७६५ भरता येतो, तुमचा झालाय, म्हणजे हा मार्ग तिच्यासाठी आधीपासून खुला होता आणि कुणी सांगितला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पाच महिने झालेत ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे. नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डला शेवटचा अर्ज करताना, शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरची बिनपरवाना कामासारखी चूक एकूण १८० दिवसांच्या आत असेल तर ती माफ करणारी २४५(के) नावाची तरतूद आहे आणि ती जोडीदारालाही लागू होते. दिवस कसे मोजायचे, ती शेवटची कधी एंट्री घेऊन आली, ईएडीच्या अर्जावर काय लिहायचं, हे इमिग्रेशन वकिलाने बघायचं, आणि तेही टॅक्सचे कागद पाठवायच्या आधी. सीपीएकडे आधी जाऊ नकोस. वकिलाशी बोललेलं पूर्ण गुप्त राहतं, सीपीएचं तसं संरक्षण खूप तोकडं आहे. कंपनीचा वकील नको, तो कंपनीचा असतो, स्वतःचे पैसे देऊन वेगळा घ्या. आणि त्या ७५ हजारांचं काय, तर ते रिटर्नमध्ये दाखवावं लागेल. टॅक्स भरला म्हणून ते काम कायदेशीर ठरत नाही आणि परवानगी नव्हती म्हणून टॅक्स माफही होत नाही, दोन वेगळे कायदे आहेत. स्वतःच्या धंद्याची निव्वळ कमाई ४०० डॉलरच्या वर गेली की १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्सही लागतो, इंडियाशी सोशल सिक्युरिटीचा करार नसल्यामुळे त्यातून सुटका नाही. हे सगळं ऐकून ती रडेल, तिला आधी पूर्ण ऐकून घे आणि दोष देऊ नकोस, घरात बसून बसून माणूस कंटाळतो तेव्हा महिन्याचे १५ हजार नुसते १५ हजार नसतात.

राहिली द्राक्षबाग. बाबांनी मुलाला दिलेल्या पैशावर तुला इथे टॅक्स नाही. पण एका वर्षात परदेशातल्या माणसाकडून १ लाख डॉलरच्या वर भेट आली की फॉर्म ३५२० भरायचा, रिटर्नच्या तारखेपर्यंत, आणि तो कागदावर, पोस्टाने ओग्डेन, युटाला जातो. विसरलास तर कायद्यात दंड महिन्याला ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १ कोटी १० लाखांवर साडेसत्तावीस लाख, फक्त एक कागद न पाठवल्याबद्दल. थोडे बाबांकडून थोडे आईकडून असं करून सुटका होत नाही, नात्यातल्या देणगीदारांची बेरीज करतात. बाबांच्या बाजूने एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवण्याची आरबीआयची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आधीच गोळा केलेला टॅक्स) घेईल, तुमच्या रकमेवर २० लाख. ते त्यांच्या पॅनवर जमा राहतात आणि रिटर्न भरल्यावर परत येतात, पण बँकेच्या काउंटरवर हा आकडा पहिल्यांदा कानावर पडायला नको, त्यांना आधी सांग आणि सांगलीतल्या त्यांच्या सीएशी तुझं बोलणं करून घे. बाग विकल्याचं खरेदीखत, सातबारा, पैसे खात्यात आल्याचं स्टेटमेंट आणि बाबांच्या सहीचं भेटपत्र या चार गोष्टींचे स्कॅन पैसे निघायच्या आधी तुझ्याकडे हवेत, घराचं कर्ज देणारी बँकही ते मागेलच.

क्रम असा ठेव. आज बाबांना फोन, उद्या क्लास बंद, या आठवड्यात इमिग्रेशन वकील, त्याच्यानंतर इंडियन खात्यांची स्ट्रीमलाइन्ड प्रकरणं केलेला सीपीए किंवा एनरोल्ड एजंट (आयआरएसने परवाना दिलेला टॅक्स सल्लागार), आणि तोपर्यंत बसून २०२० पासून प्रत्येक खात्याची प्रत्येक वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक एका एक्सेल शीटमध्ये काढ. बाबांच्या बँकेकडून जुनी स्टेटमेंट मिळायला वेळ लागतो, अर्ज लवकर टाकायला सांग. सीपीएला पहिल्याच भेटीत विचार की त्याने १४६५४ किती वेळा केलाय, तो गोंधळला तर दुसरा बघ.